उभ्या गाडीतलं ऊन: टेल्कोच्या झाडांपासून मोबाईलवरच्या एसीपर्यंत



गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मुलाला चाकणच्या एका कंपनीत कागद द्यायचे होते. सुट्टीचा दिवस होता, पुढे राजगुरुनगरला पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून मी आणि नात, दोघंही गाडीत. गाडी इलेक्ट्रिक. "बाबा, दहा मिनिटांत आलो, एसी चालू ठेवलाय, तुम्ही बसा," असं म्हणून तो आत गेला. दुपारचा एक. गेटबाहेरच्या उघड्या मैदानात गाडी उभी. नात माझ्या मांडीवर झोपली आणि माझाही डोळा लागला.

जाग आली ती घामाने. सदरा पाठीला चिकटलेला, एसी बंद. इंजिनाची गाडी असती तर घरघर थांबल्यावर तरी दचकून उठलो असतो. ही आधीपासूनच गप्प, त्यामुळे कधी बंद पडला कळलंच नाही. दार उघडलं, पोरीला उचललं आणि सिक्युरिटीच्या केबिनपाशी नेलं. ती लालबुंद झाली होती, पण ठीक होती. वॉचमन दादांनी माठातलं पाणी दिलं. मुलगा आला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. गाडीत बिघाड काही नव्हता. घरी येऊन गाडीचं पुस्तक वाचलं, तर त्यात स्पष्ट लिहिलंय की उभ्या गाडीत ठरावीक वेळाने एसी आपोआप बंद होतो. आम्ही कुणीच वाचलं नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला. मी १९८४ साली भोसरीत नोकरीला लागलो. पुढची पस्तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. गाडी पळताना काय होतं, याचा विचार आम्ही आयुष्यभर केला. पण गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. उभ्या गाडीचं काय होतं, हा विचार या गाड्यांच्या गावात कुणी, कधी केला?

तर थोडं मागे जाऊ.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ साली. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. जमीन बहुतेक माळरान, मुरमाड, वर कुसळं. टेल्कोने १९६६ च्या सुमारास इथे जागा घेतली तेव्हा तिथेही तसाच उघडा माळ होता. तिथे सुमंत मूळगावकरांनी कारखान्याइतकंच लक्ष झाडांवर दिलं. हजारोंनी झाडं लावली, तळं केलं. आज त्या तळ्यावर पक्षी येतात. (पुढे १९९४ मध्ये आलेल्या सुमो गाडीचं नाव त्यांच्याच नावातून आलंय, सु आणि मो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.) एचए कॉलनीतही तशीच गर्द झाडी. १९७२ मध्ये प्राधिकरण झालं, आणि निगडीच्या सेक्टरांमध्ये आजही ज्या रस्त्यांवर दुपारी चालता येतं ते त्या काळात आखलेले आणि झाडं राखलेले रस्ते आहेत.

मूळगावकरांनी झाडं लावली ती काही पार्किंगसाठी नव्हे. तेव्हा कामगार यायचा सायकलवर नाहीतर कंपनीच्या बसने. पण त्या झाडांखाली आपोआप सायकली लागल्या, मग स्कूटरी, मग गाड्या. ज्यांनी बजाजची स्कूटर भोसरीच्या उन्हात उभी केलीय त्यांना काळ्या रेक्झिनच्या सीटची आठवण असेलच. सुट्टी झाली की सीटवर पेपर टाकून बसायचं आणि पहिले दोन-तीन मिनिटं उभ्यानेच चालवल्यासारखी चालवायची.

चारचाकीवाल्यांचेही उपाय होते. अँबॅसेडर आणि पद्मिनीच्या पुढच्या दारांना ती छोटी तिकोनी काच असायची. ती बाहेर फिरवली की चालत्या गाडीत वारा थेट अंगावर यायचा. सीटवर पांढरा टॉवेल, नाहीतर मण्यांचं कव्हर. गाडीचा रंग शक्यतो पांढरा. हे अडाणी उपाय नव्हेत बरं का. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक चंदेरी अशा सारख्या दोन गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं. चंदेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली. आपल्या टॅक्सीवाल्या काकांना हे प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

उभी गाडी इतकी का तापते? कारण ती काचेची पेटी आहे. जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये काचेची झाकणं लावलेली पेटी उन्हात ठेवली, आणि आतलं तापमान पाणी उकळेल त्याच्याही वर गेलं. सौर चुलीची आजी म्हणजे ती पेटी. ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं, त्यांनी तापवलेली हवा बाहेर जायला वाट नसते. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा २००५ चा अभ्यास आहे. बाहेर हवा फार गरम नसली तरी बंद गाडी तासाभरात साधारण २२ अंशांनी चढते, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. "काच थोडी उघडी ठेवलीय, बस पाच मिनिटं" हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे, मीही. म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. एप्रिल २०१९ च्या शेवटी पुण्यात पारा ४३ च्या आसपास गेला होता. आणि चिंचवडचा आकडा शिवाजीनगरपेक्षा जास्त, हे दर उन्हाळ्यात पेपरात येतंच.

मग गाड्या बदलल्या. १९९१ मध्ये टेल्कोची सिएरा आली. काय गाडी होती! मागच्या बाजूला छपरापर्यंत वळलेली भलीमोठी काच, आणि ती न उघडणारी. बघायला देखणी, उन्हात भट्टी. पण त्या गाडीत एसी होता, त्यामुळे चाललं. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका आली आणि पुढच्या काही वर्षांत मध्यमवर्गाच्या गाडीत एसी ही चैन राहिली नाही. तिकोनी काच गेली. पांढऱ्या टॉवेलची लाज वाटायला लागली. थंडावा ही झाडाची, रंगाची, पडद्याची गोष्ट होती ती एका बटणाची झाली. फक्त एक मेख होती. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनाला जोडलेला. इंजिन बंद, एसी बंद. उभी गाडी होती तशीच भट्टी राहिली.

मग लोकांनी काय केलं? काळ्या फिल्म लावल्या. नव्वदच्या दशकापासून अॅक्सेसरीजच्या प्रत्येक दुकानात तो काळा रोल टांगलेला असायचा. पुढाऱ्यांच्या गाड्यांना तर आत कोण बसलंय दिसू नये म्हणूनच. अखेर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला: काचेवर बाहेरून लावलेली फिल्म चालणार नाही, मग ती कितीही फिकी असो. नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, आणि हे काच बनवतानाच जमवायचं. मुद्दा गुन्हेगारीचा होता आणि तो खराही होता. सूट मिळू शकत होती ती झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांना. म्हणजे ज्यांच्या गाड्या दारात सावलीत उभ्या असतात, त्यांनाच! असो. मे महिन्यात, ऐन उन्हात, नाक्यानाक्यावर पोलीस ब्लेडने फिल्म सोलून काढत होते ते दृश्य मला आठवतंय. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने उजेडाच्या प्रमाणात बसणारी फिल्म चालेल असं म्हटलंय, पण आपल्या नाक्यावरच्या हवालदाराशी त्यावर वाद घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

यात एक गंमत आहे. नियम मोजतो तो दिसणारा उजेड. पण उन्हातली जवळपास अर्धी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते. म्हणजे काच अगदी पारदर्शक ठेवूनही बरीच उष्णता अडवता येते, आणि तशा काचा बनतातही. आपल्या भोसरीत आणि चाकणजवळच्या कुरुळीत सेंट-गोबेन सेक्युरिटने गाड्यांच्या काचा बनवल्या. त्याच कुरुळीत, नाशिक रस्त्यावर, माहले आनंदचा गाड्यांच्या कूलिंगचा कारखाना. म्हणजे गाडीत ऊन किती शिरेल ते ठरवणारी काच आणि शिरलेलं ऊन बाहेर काढणारी यंत्रणा, दोन्ही एकाच गावात बनतात. त्या कुरुळी फाट्यावर दुपारी दोन वाजता बस थांब्याला सावली शोधून दाखवा. नाशिक रस्त्याच्या कडेचे मोठे वड ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता येऊ इलेक्ट्रिक गाडीवर. खरा बदल इथे झाला. कॉम्प्रेसर इंजिनाऐवजी बॅटरीवर चालवायचा, हे टोयोटाने २००३ च्या प्रियसमध्ये केलं. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, माझ्दाने एका गाडीच्या छपरावर सौर पट्टी बसवून उभ्या गाडीतली तापलेली हवा पंख्याने बाहेर फेकायची सोय केली होती. छान कल्पना, पण मागे पडली. आपल्याकडे महिंद्राची ई-टू-ओ २०१३ मध्ये आली. ती बंगळूरला बनायची, एवढीशी गाडी, लोक हसायचे. पण तिच्यात मोबाईलवरून, गाडीत बसायच्या आधी, एसी सुरू करता यायचा. आज टाटा असो की महिंद्रा, ही सोय नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत सर्रास सापडते. टेस्लाने तर २०१६ मध्ये आतलं तापमान ४० च्या वर गेलं की गाडी स्वतःच थंड होईल अशी सोय दिली, आणि २०१९ मध्ये कुत्र्याला गाडीत ठेवून जाणाऱ्यांसाठी वेगळा मोड.

चाकणला मर्सिडीजची ईक्यूएस २०२२ पासून जोडली जाते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या गाड्याही चाकणच्याच. आकुर्डीत चेतक स्कूटर इलेक्ट्रिक होऊन परत आली. म्हणजे ज्या पट्ट्याने देशाला डिझेलचे ट्रक दिले, तोच आता बॅटरीवरचा थंडावा विकतोय.

हा थंडावा पडतो कितीला? तापलेली गाडी थंड करताना एसी सुरुवातीला तीन-चार किलोवॅटपर्यंत ओढतो, मग एक-दीडवर येतो. दहा मिनिटांचं काम म्हणजे साधारण अर्धा युनिट, तीन-साडेतीन किलोमीटरची चाल. स्वस्तच आहे, वापरा बिनधास्त. पण नऊ तासांच्या पाळीत गाडी सतत थंड ठेवायची म्हटलं तर नऊ-दहा युनिट जातील. तीस युनिटच्या छोट्या गाडीची एक तृतीयांश बॅटरी, एकही किलोमीटर न जाता. म्हणून तर गाडी स्वतःच एसी बंद करते. म्हणूनच माझ्यासारखा माणूस आत बसलेला असताना तो बंद झाला.

हे जरा नीट ऐका, कारण माझ्या पिढीचे आजी-आजोबा आणि घरातली पोरं यांचा प्रश्न आहे. मोबाईलवरचा एसी हा गाडीत बसायच्या आधी गाडी थंड करण्यासाठी आहे. माणूस आत सोडून जाण्यासाठी नाही. आत कुणी थांबणारच असेल तर जागं, मोठं माणूस हवं, दार आतून कसं उघडतं ते त्याला माहीत हवं, आणि एसी किती वेळाने बंद होतो ते पुस्तकात आधी बघून ठेवायचं. लहान मूल एकटं तर कधीच नाही, एक मिनिटही नाही. बाकी उपाय जुनेच आहेत. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, निघताना काढा. निघायच्या आधी चारही दारं मिनिटभर उघडी ठेवून तापलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा, अर्धं काम फुकटात होतं. नव्या गाड्यांना अख्खं छप्पर काचेचं यायला लागलंय. शोरूमच्या एसीत ते फार छान दिसतं. घेण्याआधी दुपारी एक वाजता टेस्ट ड्राइव्ह मागा. आणि बॅटरी शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात गाडी उभी करू नका. अमेरिकेत फिनिक्स या रणरणत्या शहरात २०१२ मध्ये निसान लीफवाल्यांच्या बॅटऱ्या लवकर उतरल्याची ओरड झाली, ती याच उष्णतेपायी. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवणारी पाण्याची यंत्रणा नव्हती. आताच्या बऱ्याच गाड्यांत असते, पण तीही बॅटरीच खाते.

हे झालं गाडीवाल्यांचं. आता त्यांचं ज्यांच्याकडे बटणच नाही.

तळेगाव चौकातून आंबेठाणकडे जाताना रस्त्याच्या कडेला ट्रकच्या रांगा बघा. माल उतरवायचा नंबर येईपर्यंत ड्रायव्हर तिथेच असतो, कधी चार तास, कधी अख्खा दिवस. पत्र्याची केबिन, पुढे भलीमोठी काच. सरकारने चांगला नियम केला: नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी हवाच. मनापासून स्वागत. पण डिझेल ट्रकचा एसी इंजिनावर चालतो. रांगेत उभा असलेला ड्रायव्हर चार तास इंजिन चालू ठेवणार का? डिझेलचा हिशेब मालक मागतो. म्हणजे नियमाचा थंडावा ट्रक पळताना मिळणार, आणि उभा राहिला की ड्रायव्हर पुन्हा ट्रकखाली चटई टाकून झोपणार. आजही तो तिथेच झोपतो, चाकांच्या मधल्या सावलीत. ते किती धोक्याचं आहे हे मी सांगायला नको. जुने ट्रक तर अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत.

म्हणून मला वाटतं, प्रश्न गाडीच्या आतल्या यंत्रणेचा जितका आहे त्याहून जास्त गाडी उभी राहते त्या जमिनीचा आहे. अॅरिझोनातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजलं: तासभर उन्हात उभ्या गाडीत हवा ४७ अंशांवर, डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८. नुसत्या सावलीने डॅशबोर्ड वीस अंशांनी उतरला! कुठलं अॅप हे फुकटात करतं?

केंद्राने २०१९ मध्ये आदर्श बांधकाम नियमात २० टक्के पार्किंग इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी सज्ज ठेवा असं घातलं. चांगलं झालं. फ्रान्सने २०२३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: १५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या पार्किंगचा निम्मा भाग सौर पट्ट्यांच्या छपराखाली आणायचा कायदाच केला. आपल्याकडचा हिशेब करून बघा. एका गाडीच्या जागेवर साधारण दोन किलोवॅटच्या पट्ट्या मावतात. आपल्या उन्हात दिवसाला आठेक युनिट. म्हणजे गाडी सावलीत उभी, आणि संध्याकाळी चाकण ते निगडी जाऊन सकाळी परत येण्याची वीज वर. फ्रान्समध्ये असं काय ऊन पडतं हो? ऊन तर आपल्याकडे आहे.

महापालिका, एमआयडीसी, कंपन्या, तिघांनाही हे करता येण्यासारखं आहे. ट्रक जिथे थांबतात तिथे छप्पर, पाणी आणि संडास, आणि कंपनीच्या उघड्या मैदानावर एकतर पट्ट्या नाहीतर झाडं. झाडांना दहा-पंधरा वर्षं लागतात हे खरं. पण चाकणचे मोठे कारखाने आले त्यालाही तेवढी वर्षं होऊन गेली. गाड्या बनायला लागल्या त्याच वर्षी रोपं लावली असती तर आज त्या मैदानांवर सावली असती. टेल्कोवाल्यांनी साठच्या दशकात ते मुरमाड माळावर करून दाखवलं होतं.

मागच्या आठवड्यात मुलासोबत पुन्हा त्याच कंपनीच्या गेटवर जाणं झालं. वॉचमन दादांनी ओळखलं. नात कशी आहे विचारलं. मी म्हटलं, या मैदानात सावली कुठेच नाही का हो? त्यांनी कुंपणाच्या कोपऱ्यातला कडुनिंब दाखवला. "चार गाड्या बसतात काका त्याच्याखाली. पण पहिल्या पाळीवाले साडेसहाला येतात, जागा तेव्हाच जातात."